चाचणी घेणाऱ्यांचीही परीक्षा!

मित्रांनो, वर्षभर तुम्ही परीक्षाच देत असता. घटक चाचणी, सहामाही, तोंडी, प्रात्यक्षिक, शिवाय स्कॉलरशिप! कधी कधी तुमच्या मनात येत असेल, ‘आम्हीच का सारख्या परीक्षा द्यायच्या? परीक्षा घेणाऱ्यांची कुणी परीक्षा घेतं की नाही?’

घेतं, बरं का! एस.टी.च्या ड्रायव्हरकाकांना गाडी हातात मिळण्याआधी लायसन काढावं लागतं. त्याच्याही आधी शिकाऊ लायसन. तेव्हा शेजारी जाणता माणूस बसलेला असतो. दवाखान्यात तुमच्या दंडातून रक्त काढणाऱ्या ताईंनी तो अभ्यासक्रम केलेला असतो आणि अनुभवी माणसाच्या नजरेखाली पुष्कळ सुया टोचलेल्या असतात. उगाच कुणीही उठून तुमच्या दंडात सुई खुपसत नाही.

आता एक प्रश्न. रक्त तपासणारे असतात, डोळे तपासणारे असतात. तसंच तुमची स्मरणशक्ती, लक्ष, वाचन, विचार करण्याची पद्धत तपासणारे कुणी असतात का? असतात. आणि तिथे सुई दिसत नसली तरी चुकीची टोचली तर फार दुखतं. म्हणूनच या माणसांनी काय शिकायचं, किती तास शिकायचं आणि कुणाच्या देखरेखीखाली शिकायचं याचे कायदे आहेत. आज त्यांचीच गोष्ट सांगते.

ही परीक्षा वेगळी

मानसशास्त्रीय चाचणी म्हणजे शाळेच्या पेपरसारखी परीक्षा नव्हे. तिथे पास-नापास नसतं. कधी ठोकळे जुळवून दिलेल्या चित्रासारखा आकार करायचा असतो, कधी ऐकलेले आकडे म्हणून दाखवायचे असतात, कधी चित्रात काय कमी आहे ते ओळखायचं, तर कधी एखादा उतारा मोठ्याने वाचायचा.

तुम्ही म्हणाल, ‘हे तर सोपं आहे! ठोकळे द्यायचे, घड्याळ लावायचं आणि लिहून घ्यायचं. त्याला कसलं आलंय शिक्षण?’

थांबा. आधी एक गंमत करून पाहा. एका मैत्रिणीला सात आकडे ऐकवा: ४, ९, २, ७, ५, १, ८. प्रत्येक आकडा सावकाश, साधारण एका सेकंदाला एक, आणि सगळे एकाच सुरात. तिला ते तसेच म्हणायला सांगा. मग दुसऱ्या मैत्रिणीला तेच आकडे फोन नंबर सांगतो तसे ऐकवा: ‘४९२ – ७५ – १८’. बहुतेक वेळा दुसरीला ते जास्त सहज आठवतात. आकडे तेच, पण तुम्ही नकळत त्यांचे गठ्ठे बांधून दिलेत. पहिलीपेक्षा दुसरी हुशार ठरली ती तुमच्या सुरामुळे!

म्हणूनच अशा प्रत्येक चाचणीबरोबर एक पुस्तिका असते. सूचना कोणत्या शब्दांत द्यायची, किती वेळ थांबायचं, मूल अडलं तर पुन्हा सांगायचं की नाही, कोणत्या उत्तराला किती गुण, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. चाचणी घेणाऱ्याने ‘शाब्बास, बरोबर!’ असं म्हणायचं का, हेसुद्धा ठरलेलं असतं. मीटरपट्टी रबराची असून चालत नाही ना? एकाला ताणून मोजलं आणि दुसऱ्याला सैल सोडून, तर कापड कसं बेतणार? इथे पट्टी म्हणजे चाचणी घेणाऱ्याचं बोलणं आणि वागणं. ती ताणली जाऊ नये, यासाठी शिकावं लागतं.

पॅरिसपासून नागपूरपर्यंत

या चाचण्या आल्या कुठून? १९०४ साली फ्रान्समध्ये सरकारने एक समिती नेमली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांपैकी कुणाला खास मदत हवी हे कसं ओळखायचं, असा प्रश्न होता. त्यावर आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमोन यांनी १९०५ साली ३० कृतींची एक मालिका तयार केली. सोप्या कृतींपासून सुरुवात आणि पुढे अवघड होत जाणारी. बिने यांचं म्हणणं असं की, या चाचणीने मुलाची आजची गरज कळते. मुलाची बुद्धी जन्मभर तेवढीच राहणार, असा शिक्का मारायला त्यांचा विरोध होता.

मग ही चाचणी देशोदेशी गेली. पण पॅरिसच्या मुलांचे प्रश्न धारवाडच्या किंवा साताऱ्याच्या मुलांना कसे चालणार? आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचणीचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केलं. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झालं. पुढे नागपूरच्या डॉ. आर्थर मलिन यांनी अमेरिकेतल्या डेव्हिड वेक्सलर यांच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी चाचणी तयार केली. कामत आणि मलिन ही नावं आजही मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात.

त्या काळात मुंबईत आणखी एक महत्त्वाचं काम सुरू झालं. १९३६ साली स्थापन झालेल्या टाटांच्या समाजकार्य संस्थेने १९३७ साली मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र उघडलं. अशा प्रकारचं ते देशातलं पहिलं केंद्र मानलं जातं.

एलिस बेटावर काय झालं?

पण पट्टी चुकीच्या जागी लावली तर काय होतं? ऐका.

अमेरिकेत न्यूयॉर्क बंदराजवळ एलिस नावाचं बेट आहे. शंभर वर्षांपूर्वी युरोपातून बोटीने येणाऱ्या गरीब लोकांना तिथे उतरवून तपासत असत. हेन्री गॉडर्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९१३ साली आपल्या दोन मदतनीस बायका तिथे पाठवल्या. एकीने रांगेतली माणसं नुसती पाहून निवडायची आणि दुसरीने दुभाष्याला शेजारी घेऊन त्यांची चाचणी घ्यायची.

डोळ्यांपुढे आणा ती माणसं. बोटीच्या तळातल्या गर्दीत कित्येक दिवस काढलेली, थकलेली, घाबरलेली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि काहींच्या हातात आयुष्यात कधी पेन्सिलही आलेली नव्हती. आणि समोर कुणी अनोळखी बाई म्हणते, ‘हे चित्र आठवून काढा!’

गॉडर्ड यांनी १९१७ साली निष्कर्ष छापले. तपासलेल्या ज्यू, हंगेरियन, इटालियन आणि रशियन लोकांपैकी पाचांतले सुमारे चार जण मंदबुद्धी! विचार करा, एखाद्या गावातल्या पाचांपैकी चार माणसांना ताप आहे असं थर्मामीटर सांगू लागलं, तर आपण आधी काय झटकून पाहू? थर्मामीटरच ना?

यातली खरी मेख लक्षात घ्या. त्या मदतनीस बायका अगदी अडाणी नव्हत्या. चाचणी कशी घ्यायची ते त्या शिकलेल्या होत्या. पण चाचणी कुणाला लावायची, भाषेचा आणि थकव्याचा परिणाम किती आणि आलेल्या आकड्याचा अर्थ काय, हे थांबून तपासणारं वर कुणी नव्हतं. पुढे १९२८ साली स्वतः गॉडर्ड यांनी आपली काही मतं बदलल्याचं लिहिलं. पण तोवर कितीतरी माणसांच्या माथी शिक्का बसला होता.

म्हणून दोन गोष्टी लागतात: चाचणी घेणाऱ्याचं शिक्षण, आणि त्याच्यावर जाणकाराची देखरेख. एकीवाचून दुसरी लंगडी.

८० तासांचा हिशेब

आता अमेरिकेतल्याच कॅलिफोर्निया राज्यात येऊ. तिथे २०२२ साली एक कायदा झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून ‘मानसशास्त्रीय चाचणी तंत्रज्ञ’ म्हणून नोंदणी सुरू झाली. तंत्रज्ञ म्हणजे मानसशास्त्रज्ञ नव्हे. हा मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली चाचण्या घेणारा आणि गुण मोजणारा माणूस. त्याला काय काय लागतं ते पाहा.

पहिली अट शिक्षणाची. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा जवळच्या विषयातली पदवी हवी, नाहीतर त्या विषयात पदवीनंतरचं शिक्षण चालू हवं.

दुसरी अट कमीत कमी ८० तासांच्या प्रशिक्षणाची. त्याची विभागणी अशी:

२० तास नुसतं पाहायचं. त्यातले निदान १० तास परवानाधारक मानसशास्त्रज्ञ चाचणी कशी घेतात ते पाहायचं. उरलेले १० तास त्यांना किंवा नोंदणी झालेल्या तंत्रज्ञाला काम करताना पाहायचं.

४० तास स्वतः चाचणी घ्यायची आणि गुण मोजायचे. पण एकट्याने नाही! मानसशास्त्रज्ञ किंवा नोंदणी झालेला तंत्रज्ञ तिथे हजर हवा.

२० तास अभ्यास: कायदा, सचोटीचे नियम, गुप्तता आणि चाचणी घेण्याच्या चांगल्या पद्धती.

करा बेरीज. २० + ४० + २० = ८०. तुमची शाळा रोज पाच तास धरली तर हे झाले सोळा दिवस. तुम्ही म्हणाल, ‘एवढंच?’ पण त्याआधी कॉलेजचं शिक्षण आहे, आणि त्यानंतरही मानसशास्त्रज्ञाची देखरेख सुटत नाही. नोंदणी झाली म्हणून पाटी लावून स्वतंत्र दुकान थाटता येत नाही.

आणखी एक पाहिलंत का? नुसतं पाहायला २० तास! आपल्याला वाटतं, बघण्यात काय शिकायचं? पण गवंडी, सुतार, स्वयंपाकी, तबलजी, सगळे आधी बघूनच शिकतात. पोळी लाटायला बसण्याआधी आईचे हात तुम्ही किती दिवस पाहिलेले असतात!

काय करायचं नाही

या कायद्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तंत्रज्ञाने काय करायचं नाही, हे त्यात स्पष्ट सांगितलंय. कोणती चाचणी द्यायची हे त्याने ठरवायचं नाही. आलेल्या गुणांचा अर्थ लावायचा नाही. ‘या मुलाला अमुक आजार आहे’ असं म्हणायचं नाही. ज्या चाचणीची रीत पुस्तिकेत पक्की ठरलेली आहे, तेवढीच घ्यायची. शाईच्या डागात काय दिसतं असं विचारतात, तसल्या चाचण्या त्याच्या कामात येत नाहीत.

मग त्याने करायचं काय? चाचणी घ्यायची, गुण मोजायचे आणि जे दिसलं ते लिहायचं.

हे शेवटचं काम फार मोलाचं आहे. कसं ते सांगते. समजा, बीड जिल्ह्यातला एक मुलगा आहे. आईवडील ऊसतोडीला जातात, म्हणून त्याचेही महिनोन्महिने कारखान्याच्या फडावर जातात आणि शाळा बुडते. वाचनात तो मागे आहे. त्याची चाचणी झाली आणि गुण कमी आले. आता घाईत कुणी लिहिलं, ‘मुलगा मंद आहे’, तर झालं! तो कागद त्याच्या आधी प्रत्येक वर्गात पोचेल.

पण चांगला तंत्रज्ञ लिहील, ‘मुलगा कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरत होता. तोंडी आकडे चटकन सांगितले, छापील उतारा वाचताना अडखळला. सकाळपासून काही खाल्लं नाही, असं म्हणाला.’ बस्स, तीन वाक्यं! पण ती वाचून मानसशास्त्रज्ञ म्हणतील, ‘आधी डोळे तपासा. पोटभर जेवू द्या. शाळा किती बुडली ते विचारा. मग पाहू.’ कदाचित त्या मुलाला चष्म्याची गरज असेल. कदाचित त्याला खरोखरच वाचन-अक्षमता असेल, म्हणजे बुद्धी चांगली असूनही अक्षरं जुळवणं अवघड जात असेल. काहीही असो, उत्तर शोधून काढलं जाईल, अंदाजाने चिकटवलं जाणार नाही.

आपल्याकडे काय नियम आहेत?

भारतात १९९२ साली पुनर्वसन परिषदेचा कायदा झाला आणि १९९३ पासून भारतीय पुनर्वसन परिषद त्यानुसार काम करू लागली. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे मनाच्या अडचणींची तपासणी आणि उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ, या परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत येतात. नोंद नसताना हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कुणाला म्हणायचं, हेच लिहून ठेवलंय. त्यात एक वाट अशी: मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, आणि त्यानंतर पूर्ण वेळाचा दोन वर्षांचा एम.फिल. अभ्यासक्रम. आणि या अभ्यासक्रमात देखरेखीखालचं प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचं प्रशिक्षण हवंच. म्हणजे बारावीनंतर पदवीची तीन-चार वर्षं, मग एम.ए., मग ही दोन वर्षं. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेची आणि रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेची नावं या शिक्षणासाठी देशभर घेतली जातात. निम्हान्सचा पूर्वावतार असलेल्या संस्थेत तर असं शिक्षण १९५५ सालीच सुरू झालं होतं.

आता एक बदल लक्षात ठेवा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एम.फिल. पदवी बंद करायचं ठरलं. चिकित्सा मानसशास्त्राच्या एम.फिल.ला मात्र २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत वाढवून दिली गेली. त्यामुळे तुमच्यापैकी कुणी या वाटेने जाईल, तेव्हा अभ्यासक्रमाचं नाव वेगळं असेल. प्रवेश घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, ‘याला परिषदेची मान्यता आहे का?’ जाहिरातीतला फोटो कितीही चकचकीत असो, हा प्रश्न सोडायचा नाही.

शिवाय २०२१ साली संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी एक राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्यात इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांच्यासारख्या कामांचाही समावेश आहे.

आणि हे सगळं कशासाठी? तर तुमच्यासाठीच. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. उदाहरणार्थ, पेपर लिहायला जास्त वेळ. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला. पण सवलतीसाठी प्रमाणपत्र लागतं आणि प्रमाणपत्रासाठी चाचण्या. त्या चाचण्या नीट झाल्या नाहीत, तर गरजू मुलाचा हक्काचा वेळ जातो. मेहनत करूनही तो ‘आळशी’च ठरतो.

तुमच्यावर वेळ आली तर...

कधी तुम्हाला अशा चाचणीला नेलं, तर घाबरू नका. आदल्या रात्री पुरेसं झोपा. न्याहारी करून जा. चष्मा असेल तर आठवणीने न्या. ताप असेल तर सांगा, दुसरा दिवस मागा. घरी तुम्ही अहिराणी, मालवणी, गोंडी किंवा आणखी कोणती भाषा बोलत असाल, तर तेही सांगा. समोरच्यांना नम्रपणे विचारा, ‘तुम्ही कोण? ही चाचणी कशासाठी आहे? हे कुणाला दाखवणार?’ हा आगाऊपणा नाही, हा तुमचा हक्क आहे. येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणा. आणि मोबाइलवर दहा प्रश्नांत ‘तुमची बुद्धी किती’ सांगणारे खेळ असतात ना, त्यांच्यामागे ना पुस्तिका, ना शिकलेला माणूस. हसा आणि सोडून द्या.

मन फारच जड झालं, कुणाशी बोलावंसं वाटलं, तर घरच्या किंवा शाळेतल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवाही आहे, तिचा क्रमांक १४४१६.

आता जाता जाता एक गृहपाठ. (सुटका नाही!) पुढचे आठ दिवस वर्गातल्या कुणाविषयी मत द्यायचं नाही, फक्त जे दिसतं ते एका वहीत लिहायचं. ‘ती घमेंडी आहे’ असं नाही, तर ‘मी हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही.’ ‘तो ढ आहे’ असं नाही, तर ‘फळ्यावरचं लिहून घेताना त्याच्या तीन ओळी सुटल्या.’ अवघड जाईल, सांगून ठेवते. आठव्या दिवशी वही वाचा. हाक तिला ऐकू गेली नसेल का? शेवटच्या बाकावरून त्याला फळा दिसतो का? एखादा प्रश्न मनात आला, तर आधी त्या मैत्रिणीला, त्या मित्राला विचारा. आणि मग तुमच्या बाईंना किंवा सरांना सांगा. कदाचित उद्या एखादा बाक पुढे सरकेल.